उन्हात दिवा

फलटणात लग्नाचे मुहूर्त आणि माऊलींची पालखी, दोन्ही सूर्य डोक्यावर असतानाच येतात. आमचं गाव साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी उभ्या माणसाची सावली इथे पायाखाली नाहीशी होते, आणि जुलै संपता संपता पुन्हा तसंच होतं. मधल्या अडीच-पावणेतीन महिन्यांत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला कलतो, पण माथा सोडत नाही. नेमके हेच महिने माझ्या धंद्याचे. मेमध्ये बारा पस्तीसचे मुहूर्त आणि त्यानंतर वारी.

माथ्यावरून सरळ खाली येणारं ऊन चेहऱ्यावर कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाची हाडं एवढंच उजळतं. भुवयांखाली दोन काळे खड्डे राहतात, नाकाखाली एक डाग पडतो आणि मान दिसेनाशी होते. त्यातून आपल्याकडे उन्हात डोकं उघडं कुणाचं नसतं. बायकांचा पदर कपाळाच्या पुढे आलेला असतो, डोक्यावर तुळशीवृंदावन असलं तर त्याच्या तळाची सावली थेट नाकापर्यंत येते. पुरुषांचा फेटा असतो. गांधी टोपीला कड नसते, पण ऊन एवढं उभं असलं की माणसाची भुवईच कड होते. समोरासमोर बोलताना आपल्याला हे जाणवत नाही, कारण आपली नजर क्षणात सावलीशी जुळवून घेते आणि समोरच्याचे डोळे दिसतात. कॅमेरा एका वेळी एकच मोजमाप घेतो. उन्हातला गाल आणि पदराखालचा डोळा यांच्यात तीन ते चार स्टॉपचा फरक सहज असतो, म्हणजे उजेड आठ ते सोळा पट कमी. गाल नीट आला की डोळे बुडतात, डोळे वर काढायला गेलं की पांढरा सदरा आणि आकाश जळून जातं.

यावरचा उपाय मी लहानपणापासून पाहत आले. अप्पा, म्हणजे माझे वडील, भर दुपारी फ्लॅश मारायचे. लोकांना त्याचं फार नवल वाटे. लग्नात कुणीतरी म्हातारा हमखास विचारायचा, "अप्पा, एवढं ऊन पडलंय, दिवा कशाला लावताय?" अप्पा म्हणायचे, "ऊन तुमच्या फेट्यावर पडलंय, तुमच्यावर नाही." आणि त्याला उभा करून फोटो काढायचे.

अप्पांकडे याशिका मॅट १२४जी होता, दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून डोकावायचा. १२० च्या रोलवर बारा फोटो निघायचे. सुरुवातीला रोल इंदूचा, उटीच्या सरकारी कारखान्यातला. पुढे रंगीत आले. फ्लॅश व्हिविटार २८३. त्याच्या पाठीवर अप्पांनी पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला होता आणि त्यावर बॉलपेनने आकडे लिहिले होते. तो पुठ्ठा मी इतक्या वेळा वाचला की पाढ्यांसारखा पाठ झाला.

त्या आकड्यांमागचा हिशेब साधा आहे आणि तो कळला की पुढचं सगळं कळतं. प्रत्येक फ्लॅशला एक गाइड नंबर असतो. व्हिविटार २८३ चा तो १०० स्पीडच्या रोलवर, मीटरमध्ये, ३६ च्या आसपास. या आकड्याला अपर्चरने भागलं की किती अंतरावर त्याचा उजेड पुरेपूर पडेल ते मिळतं. आता १०० स्पीडच्या रोलला आपल्या स्वच्छ उन्हात १/१२५ आणि एफ १६ लागतं. ३६ भागिले १६, म्हणजे सव्वादोन मीटर. एवढ्या अंतरावरून पूर्ण ताकदीने फ्लॅश मारला तर त्याचा उजेड उन्हाच्या बरोबरीला येतो. पण बरोबरीचा उजेड नको असतो. सावली भरायची असते, पुसायची नसते. फ्लॅश उन्हापेक्षा एक स्टॉप कमी पडायला हवा असेल तर अंतर १.४ पट करायचं, म्हणजे सव्वातीन मीटरच्या आत-बाहेर. दोन स्टॉप कमी हवा असेल तर अंतर दुप्पट, साडेचार मीटर. अप्पा नवरा-नवरीपासून तीन-सव्वातीन मीटरवर उभे राहायचे आणि तिथून हलायचे नाहीत. त्यांची ती जागा पुठ्ठ्यावरून ठरलेली असे.

याशिकाचा एक मोठा गुण मला फार उशिरा, दुसरा कॅमेरा हातात आल्यावर समजला. त्याचा शटर भिंगातच असतो, पातळ पात्यांचा. पाती मधून उघडतात, पुरी फाकतात आणि पुन्हा मिटतात. १/५०० च्या वेगालाही मध्ये एक क्षण असा येतो की भिंग पूर्ण उघडं असतं, आणि फ्लॅशला तेवढाच क्षण पुरतो, कारण पूर्ण ताकदीवरसुद्धा त्याचा झोत सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात संपतो. म्हणून याशिकावर शटर १/५०० ठेवून अपर्चर एफ ८ करता येत असे. ३६ भागिले ८, साडेचार मीटर. त्याच फ्लॅशची पोच दुप्पट झाली. वऱ्हाडी मंडळींचा मोठा घोळका एका फोटोत घ्यायचा तेव्हा अप्पा हेच करायचे.

माझा स्वतःचा पहिला कॅमेरा निकॉन एफएम२. त्यात फिल्मच्या पुढे दोन पडदे असतात. पहिला पडदा खिडकी उघडत जातो, दुसरा ती झाकत जातो. शटर १/२५० पर्यंत असला तर मध्ये एक क्षण पूर्ण खिडकी उघडी मिळते. त्याहून वेग वाढवला की पहिला पडदा शेवटाला पोचण्याआधीच दुसरा निघालेला असतो, फिल्मसमोरून नुसती एक फट सरकत जाते, आणि फ्लॅश चमकतो त्या क्षणी फटीपुरतीच फिल्म उजळते. बाकी चित्रात फ्लॅश पोचतच नाही. या मर्यादेला सिंक स्पीड म्हणतात. त्या काळात गावात पेंटॅक्स के१००० ही असायचे, त्यांची मर्यादा १/६०. भर उन्हात १/६० म्हणजे एफ २२, आणि ३६ भागिले २२ म्हणजे जेमतेम दीड मीटर. एवढ्या जवळून लग्नातला फोटो काढता येत नाही. दिवसा फ्लॅश मारायची पद्धत आपल्याकडे फारशी का रुजली नाही, याचं माझ्या मते हे एक कारण आहे. बहुतेकांच्या कॅमेऱ्याला ते झेपतच नव्हतं.

पुढे डिजिटल कॅमेरे आले, फ्लॅश स्वतः मोजमाप घेऊ लागले, आणि अप्पांचा पुठ्ठा निघून गेला. पण त्यातली एक गोष्ट मी आजही शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोरापोरीला पहिल्या दिवशी सांगते. उन्हात फ्लॅश मारला की एकाच फोटोत दोन वेगळे उजेड नोंदले जातात. शटरचा वेग फक्त उन्हाला लागू होतो, कारण फ्लॅश इतका चटकन संपतो की शटर १/६० असो की १/२००, त्याला फरक पडत नाही. अपर्चर मात्र दोघांनाही लागू होतं. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून मागचं आकाश, डोंगर, गर्दी नीट येईल असं मोजमाप बसवायचं. चेहरा काळा येतोय त्याची चिंता करायची नाही. मग फ्लॅश सुरू करून चेहऱ्यापुरता वाढवत न्यायचा आणि डोळे दिसू लागले की थांबायचं.

थांबायचं कुठे, हा या सगळ्यातला खरा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. आमच्या स्टुडिओत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे, "जरा गोरा काढा." अप्पांच्या काळात लग्न ठरवायला मुलीचा फोटो काढायचा तर घरचे हे सांगितल्याशिवाय राहत नसत. त्यासाठी निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने हात फिरवला जाई, प्रिंट फिकट काढली जाई. आता संगणकावर तेच होतं. फ्लॅशही हे काम आयतं करून देतो. ताकद एक-दीड स्टॉपने वाढवली की सावळा माणूस फिकट, सपाट आणि राखाडी दिसायला लागतो, आणि घरचे खूश होतात. मी हे करत नाही. उन्हातान्हात कामं केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक रंग नसतो, कितीतरी असतात. टोपी काढली की कपाळाचा वरचा पट्टा उजळ निघतो, गाल तांबूस काळे, मानेवर आणखी गडद. हे सगळं दिसायला हवं तर सावली राहिली पाहिजे. फ्लॅश उन्हापेक्षा दीड ते पावणेदोन स्टॉप खाली असला की पदराखालचा काळोख गडद छायेवर येतो, डोळ्यात उजेडाचा एक बारीक ठिपका येतो, आणि काळी कातडी काळीच राहते. ज्यांनी दुसरं मागितलं त्यांना मी दोन्ही काढून दाखवते. बरीचशी माणसं दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्यावर गडद चेहऱ्याची उचलतात. जी उचलत नाहीत त्यांच्याशी मी वाद घालते, आणि घालत राहणार.

लग्नाच्या मांडवात फ्लॅशचं आणखी एक काम असतं. आमच्याकडे उन्हाळ्यातल्या मांडवाला अजूनही रंगीत कापड लावतात, गुलाबी, पिवळं, कधी हिरवं. ऊन त्या कापडातून गाळून खाली येतं आणि मांडवातली सगळी माणसं त्या रंगाची होतात. हिरव्या कापडाखाली नवरी आजारी दिसते. मागे मांडवाच्या बाहेर मात्र स्वच्छ पांढरं ऊन असतं, त्यामुळे रंग दुरुस्त करायला गेलं की मागचं बिघडतं. इथे फ्लॅश थोडा जास्त लागतो, एक स्टॉपच खाली, कारण त्याला सावलीबरोबर कापडाचा रंगही धुऊन काढायचा असतो. अंतरपाट धरला जातो, मुंडावळ्यांच्या मोत्यांची सावली गालावर पडते, आणि अक्षता उडतात तेव्हा हवेतला तांदळाचा दाणा फ्लॅशने जागच्या जागी थांबतो. हे दृश्य मला फार आवडतं.

वारीत मात्र मांडवासारखं काहीच हातात नसतं. माऊलींची पालखी पुण्याहून निघते, हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडला येते. घाटात रथाला जादा बैलजोड्या जोडतात, खाली मस्तानी तलाव दिसतो आणि दिंड्या एकामागून एक वळणं घेत वर येतात. फोटो काढणारे बहुतेक सगळे वरच्या कड्यावर असतात, तिथून रस्ताभर पसरलेली पांढऱ्या टोप्यांची ओळ दिसते. तो फोटो चांगलाच असतो, पण त्यात माणसाचा चेहरा नसतो. मी रस्त्यावर राहते, दिंडीच्या पुढे, उलटं चालत.

उलटं चालायचं कारण अंतर आहे. माझं घाटातलं मोजमाप गेली कित्येक वर्षं बदललेलं नाही. आयएसओ १००, शटर १/२००, अपर्चर एफ ११, फ्लॅशची ताकद एक अष्टमांश, आणि माणूस दोन मीटरवर. एक अष्टमांशावर माझ्या फ्लॅशचा गाइड नंबर तेराच्या जरा खाली उतरतो, त्याला दोनने भागलं की साडेसहाच्या आत, म्हणजे एफ ११ पेक्षा दीड स्टॉप कमी. हवं तेवढंच. पण उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. वारकरी चालत चालत माझ्यापासून एक मीटरवर आला तर त्याच्यावर चौपट उजेड पडतो आणि फ्लॅश उन्हावर मात करतो. तीन मीटरवर गेला तर निम्म्याहून कमी. म्हणून त्याच्याच चालीने मागे सरकत राहायचं, टाळांच्या ठेक्यावर पावलं टाकत. एक अष्टमांश ताकदीचा दुसरा फायदा म्हणजे फ्लॅश लगेच पुन्हा भरतो आणि चार पेन्सिल सेल बराच वेळ टिकतात. वाटेत चार्जिंग मिळायची खात्री नसते.

फ्लॅशला स्वतः मोजमाप घेऊ द्यावं तर वारीत ते फसतं. समोर पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी असली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो हात आखडता घेतो. चेहरा पुन्हा काळा. शेजारीच गडद निळ्या लुगड्यातली बाई आली की उलट होतं, तो भसकन उजेड फेकतो आणि कपाळावरचा बुक्का सोडून सगळं फिकट करतो. म्हणून ताकद हाताने ठरवलेली बरी. आषाढातले ढग मध्ये आले की ऊन क्षणात दोन-तीन स्टॉप उतरतं. अशा वेळी मी अपर्चरला हात लावत नाही, शटर १/५० वर आणते. फ्लॅशचा हिशेब तसाच राहतो आणि मागचं आभाळही येतं. ढगाळ हवेत चेहऱ्यावर कडक सावली नसते, तरी पदराखालचा अंधार असतोच. तिथे ताकद एक षोडशांश पुरते.

फ्लॅश मी कॅमेऱ्यावर ठेवत नाही, डाव्या हातात धरते, डोक्याच्या थोडं वर. कॅमेऱ्यावरूनच मारला तर घामेजलेल्या कपाळावर पांढरा चट्टा उठतो, पितळी टाळ चमकून डोळ्यात खुपतात, आणि म्हाताऱ्यांच्या जाड चष्म्यात फ्लॅशच दिसतो. हात वर आणि बाजूला गेला की चष्म्यावरचं प्रतिबिंब खाली घसरून चौकटीबाहेर जातं. छत्र्या आणि सॉफ्टबॉक्स घाटातल्या वाऱ्यात उभे राहत नाहीत. फ्लॅशच्या तोंडावर बसवायची पांढरी प्लास्टिकची टोपी खूपजण बाहेरही वापरतात. ती खोलीत उपयोगी आहे, कारण तिथे छत आणि भिंती उजेड परत पाठवतात. घाटात वर आकाश आहे, तिथून काही परत येत नाही. अर्धी ताकद वाया जाते, सावली मात्र तितकीच कडक राहते.

आणि विचारल्याशिवाय काढायचा नाही. वारीत सगळ्यांना माऊली म्हणतात, तेवढं एक संबोधन पुरतं. "माऊली, एक फोटो काढू?" म्हटलं आणि फ्लॅश दाखवला की मान हलते किंवा हलत नाही. बायका मला सहसा नाही म्हणत नाहीत, मी बाई असल्याचा तो फायदा आहे. रथाच्या बैलांवर फ्लॅश मारायचा नाही. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं, तिथे माऊलींचे अश्व दोन्ही बाजूंच्या गर्दीतून दौडत जातात. त्या वेळी माझा फ्लॅश बंद असतो आणि शेजारच्याचा चालू दिसला तर मी त्यालाही बंद करायला सांगते. घोडा बिथरला तर हजारो माणसं त्याच्या वाटेत आहेत.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात, आणि तिथे दिवसाच्या फ्लॅशची वेगळीच परीक्षा होते. हवेत हळदीचे कण तरंगत असतात. त्यातले काही माझ्या भिंगापासून वीतभरावर, वारकरी दोन मीटरवर. वर्गाचा तोच नियम इथे उलटतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वीतभरावरच्या कणावर प्रचंड उजेड टाकतो आणि फोटोभर पिवळे गोल डाग उठतात. फ्लॅश हातभर बाजूला नेला तर भिंगासमोरचे कण त्याच्या झोतात येत नाहीत. पावसातही हेच करावं लागतं, थेंबही तसेच उजळतात. पण जेजुरीत थोडा वेळ थांबावं असं माझं मत आहे. पायऱ्या, रस्ता, माणसांचे कपडे सगळं पिवळं झालं की खालूनच पिवळा उजेड चेहऱ्यांवर यायला लागतो आणि भुवयांखालचे खड्डे आपोआप भरतात. मग फ्लॅश पिशवीत ठेवायचा. त्या गावाने स्वतःचा उजेड आणलेला असतो.

दिवसा फ्लॅश वापरणं हे काही जणांना पटत नाही. जो उजेड आहे त्यातच काढावं, असं ते मानतात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ फ्लॅशच्या ठाम विरोधात होते, आणि त्यांच्या भारतातल्या चित्रांपुढे कुणीही नतमस्तक व्हावं. दुसऱ्या टोकाला इंग्लंडचा मार्टिन पार. १९८६ साली आलेल्या 'द लास्ट रिसॉर्ट'मध्ये त्याने न्यू ब्रायटनच्या किनाऱ्यावर भर दिवसा फ्लॅश मारला आणि तो लपवला नाही. आइस्क्रीम, कचरा, भाजलेली कातडी, सगळं त्याने टोचेल असं दाखवलं. ते काम मोठं आहे, पण त्याच्या फ्लॅशला जे बोचरेपण हवं होतं ते मला वारीत नको आहे. आणि पहिल्या पक्षाला माझं एवढंच सांगणं आहे की आषाढातल्या दुपारी जो उजेड आहे त्यात समोरच्या बाईचे डोळे मला दिसत असतात. फोटोत ते दिसले नाहीत तर मी पाहिलं ते फोटोत आलं नाही.

आता फोनसुद्धा सावल्या उजळून देतो. तो एका दमात अनेक फोटो घेऊन जुळवतो आणि पदराखालचा चेहरा वर काढतो. कॅमेऱ्याच्या फाइलमधूनही मागाहून सावली बरीच उचलता येते, आणि घाईत मीही उचलते. पण उचललेल्या सावलीत खरखर येते, रंग मातकट होतात, आणि डोळ्यातला ठिपका येत नाही. तिथे त्या क्षणी उजेड गेलाच नव्हता, तर तो मागाहून आणणार कुठून? सिंक स्पीडची अडचण मात्र खरोखर सुटत चालली आहे. हायस्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकच झोत न टाकता भराभर लुकलुकत राहतो आणि फट सरकत असताना सगळी खिडकी उजळतो, पण त्यात ताकद फार खर्च होते. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ ३ ला सरकणारा पडदाच नाही, सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे कुठल्याही वेगाला फ्लॅश चालतो. अप्पांच्या याशिकाला १/५०० पर्यंत जमत होतं ते आता कितीतरी पुढे गेलं. तो कॅमेरा माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, म्हणून मी भिंगावर तीन स्टॉपचा काळा एनडी फिल्टर लावते. १/२०० ला एफ ११ ऐवजी एफ ४ मिळतं आणि मागची गर्दी धूसर होते. फिल्टर फ्लॅशलाही तेवढाच अडवतो, तेव्हा ताकदीचा हिशेब एफ ११ चाच धरायचा.

संध्याकाळी ऊन उतरलं की फ्लॅशचा रंग खटकायला लागतो. त्याचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा, साधारण ५५०० केल्व्हिनचा. मावळतीचं ऊन तांबूस. एकाच गालावर दोन रंग दिसले की फ्लॅश उघडा पडतो. सिनेमाच्या दिव्यांना लावतात तो सीटीओ नावाचा नारिंगी कागद मी कापून फ्लॅशच्या काचेवर चिकटवते, पूर्ण नाही, अर्ध्या किंवा पाव ताकदीचा. स्टेशनरीच्या दुकानातला जिलेटीन कागद इथे चालत नाही, त्याने चेहरा टोमॅटोसारखा लाल होतो. पालखी फलटणला विमानतळाच्या मैदानावर उतरते तोवर दिवस कलता असतो. दिवसभर चाललेली माणसं बसलेली असतात, पाय चोळत, आणि कडेने येणाऱ्या उन्हात अर्धा चेहरा सोन्यासारखा उजळलेला, अर्धा निळसर. तिथे फ्लॅश दोन स्टॉपहूनही खाली ठेवते, निळसर बाजू नुसती वाचता येईल एवढाच.

वारी झाली की निवडक प्रिंट मी स्टुडिओच्या बाहेर दोरीवर लावते. आमच्या तालुक्यातले वारकरी येतात, आपापला फोटो शोधतात आणि काढून नेतात. त्याचे पैसे मी घेत नाही. काही घरांत तोच फोटो पुढे मोठा करून भिंतीवर लागतो, कारण त्या आजीचा दुसरा नीट फोटोच नसतो. एका वर्षी एक मुलगा त्याच्या आईचा प्रिंट घेऊन पुन्हा आत आला. दिवे घाटातला, तुळस डोक्यावर, पदर कपाळापर्यंत. म्हणाला, "ताई, आईच्या डाव्या डोळ्यात हे पांढरं काय आलंय? फ्लॅशचं आहे का?" मी मूळ फाइल मोठी करून पाहिली. फ्लॅशचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच जागी, वर डावीकडे होता. पांढरं त्याच्या खाली होतं, बुबुळाच्या मधोमध, एकाच डोळ्यात. मी म्हटलं, हे फ्लॅशचं नाही, डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदू पिकलेला निघाला. घरात रोज समोर असून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पदर नेहमी खाली ओढलेला असायचा आणि ती स्वतः काही बोलली नव्हती. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. पुढच्या वारीत त्याच घाटात ती दिंडीत दिसली, डोक्यावर तीच तुळस आणि डोळ्यांना नवा चष्मा. मी "माऊली" म्हणून हाक मारली, तिने मान हलवली, आणि काचेत फ्लॅश दिसू नये म्हणून मी डावा हात नेहमीपेक्षा वीतभर वर धरला.